हरलेल्या संघाचा हिवाळा : बेसबॉलमधल्या फेरबांधणीची एक चिकित्सा



आजचा विषय बेसबॉलचा आहे. आपल्यापैकी अनेकांनी या खेळाचा एकही सामना पूर्ण पाहिला नसेल. त्याने फारसं बिघडत नाही, कारण आज मैदानावरच्या खेळाबद्दल मी कमी बोलणार आहे. मोसम संपला की ऑक्टोबरअखेरपासून पुढच्या वसंतापर्यंत मैदानं रिकामी असतात. त्या चार-पाच महिन्यांत संघाच्या कार्यालयात जो खेळ चालतो, त्याबद्दल बोलायचं आहे. तिकडे त्याला ऑफ-सीझन म्हणतात. मोसमात सपाटून मार खाल्लेल्या संघाने या काळात काय करावं, यावर दर हिवाळ्यात ढीगभर लिहिलं जातं. ते वाचताना मला नेहमी वाटतं की आपण निर्णय तपासत नाही, निकाल तपासतो. संघ जिंकला की सगळे निर्णय शहाणपणाचे ठरतात आणि हरला की सगळे मूर्खपणाचे. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे, आणि ती मी एका विशिष्ट हिवाळ्याच्या आधारे मांडणार आहे. तो हिवाळा २०१२-१३चा.

त्याआधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. आयपीएलसारखा लिलाव तिथे नसतो. खेळाडू मिळवायचे मुख्य रस्ते तीन. पहिला ड्राफ्ट, म्हणजे शाळा-कॉलेजमधल्या मुलांची निवड. यात वाईट कामगिरी केलेल्या संघाला आधी निवडायला मिळतं. दुसरा ट्रेड, म्हणजे संघासंघांतली अदलाबदल. तिसरा फ्री एजंट, म्हणजे करार संपलेला, कुणाशीही बोलणी करायला मोकळा असलेला खेळाडू. आता यातली मेख बघा. तरुण खेळाडू वरच्या पातळीवर आल्यापासून साधारण सहा वर्षं आपल्या संघाला बांधलेला असतो आणि त्यातली पहिली तीन वर्षं तो जवळपास किमान पगारावर खेळतो. २०१३ मध्ये हा किमान पगार ४ लाख ९० हजार डॉलर होता. म्हणजे चांगला तरुण खेळाडू ही संघाची सर्वांत स्वस्त मालमत्ता. फ्री एजंट होईपर्यंत खेळाडू बहुधा तिशीच्या आसपास पोचलेला असतो. त्याला मोठे पैसे मिळतात ते मागच्या कामगिरीचे, आणि संघाला मिळतात ती पुढची वर्षं, गुडघे-खांदे कुरकुरायला लागण्याची. फेरबांधणीचं सगळं अर्थशास्त्र या विसंगतीवर उभं आहे.

आता २०१२च्या मोसमाचा निकाल पाहू. बॉस्टन रेड सॉक्स ६९ विजय, ९३ पराभव. मायामी मार्लिन्स, योगायोग असा की, तंतोतंत तेच : ६९ आणि ९३. टोरांटो ब्लू जेज ७३ विजय, ८९ पराभव. ह्यूस्टन अॅस्ट्रोज ५५ विजय, १०७ पराभव. हे चार पडलेले संघ एकाच हिवाळ्यात चार वेगळ्या वाटांनी गेले. अभ्यासाला यापेक्षा चांगली जुळणी सहसा मिळत नाही.

सुरुवात टोरांटोपासून करू. त्यांचं निदान सोपं होतं : आपल्याकडे मोठे खेळाडू कमी आहेत, ते आणा. नोव्हेंबरमध्ये मायामीशी बारा खेळाडूंचा सौदा झाला. त्यातून होसे रेयेस, जोश जॉन्सन, मार्क बर्ली अशी नामांकित मंडळी आली. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून आर. ए. डिकी आला. हा त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर, साय यंग पुरस्काराचा मानकरी. कागदावर संघ जबरदस्त दिसत होता. अनेक जाणकारांच्या भाकितांत टोरांटो आघाडीवर होतं. पुढे काय झालं? रेयेसचा घोटा एप्रिलमध्येच दुखावला. जॉन्सनने दोन सामने जिंकले आणि आठ हरले. डिकी १४-१३ वर अडकला. मोसमअखेर ७४ विजय, ८८ पराभव. एवढा खटाटोप करून कमाई एका जादा विजयाची! गटात शेवटचा क्रमांक.

इथे घाईने हसू नका. रेयेसचा घोटा कुणी पाहून ठेवला नव्हता. टोरांटोवर टीका करायची तर ती निकालावरून नको, निर्णयाच्या वेळी जे दिसत होतं त्यावरून करू. काय दिसत होतं? डिकी ३८ वर्षांचा होता. जॉन्सनला खांद्याच्या दुखापतीचा इतिहास होता. आणि या दोन सौद्यांत जी पोरं गेली, त्यांत नोआ सिंडरगार्ड नावाचा वीस वर्षांचा पिचर होता. २०१५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मेट्सने एकच सामना जिंकला, तो त्याच्या पिचिंगवर. म्हणजे टोरांटोने स्वस्त आणि लांब पल्ल्याची मालमत्ता देऊन महाग आणि आखूड पल्ल्याची घेतली. जिंकायला चारदोन विजय कमी पडणाऱ्या संघाने हे केलं तर समजू शकतं. ८९ सामने हरलेल्या संघाने करणं हा जुगार होता, आणि जुगार हरला नसता तरी तो जुगारच राहिला असता.

मायामीबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये त्यांचं नवं मैदान उघडलं होतं आणि त्याचा बहुतेक खर्च सार्वजनिक पैशातून झाला होता. नव्या मैदानाबरोबर नवा संघ म्हणून रेयेस आणि बर्ली यांना आदल्याच हिवाळ्यात आणलं होतं. एक मोसम फसला आणि मालकांनी दुकान मांडलं तसं आवरलं. २०१३ मध्ये १०० पराभव. हिशेबाच्या वहीत हा सौदा वाईट नसेल, पण कर भरून मैदान बांधून देणाऱ्या माणसाला काय मिळालं, हा रकाना त्या वहीत नसतो. तो रकाना लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता ह्यूस्टन. हा प्रकार सर्वांत चर्चेतला. २०११ मध्ये १०६ पराभव, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११. नवे मालक जिम क्रेन आणि डिसेंबर २०११ मध्ये आलेले जनरल मॅनेजर जेफ लुनाउ यांचा विचार असा होता की मधल्यामध्ये लटकण्यात अर्थ नाही. हरायचंच तर पूर्ण हरू, खर्च शून्यावर आणू, ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक घेऊ आणि पोरं वाढवू. २०१३च्या मोसमाच्या सुरुवातीला अख्ख्या संघाचा पगार यांकीजच्या एकट्या अॅलेक्स रॉड्रिगेझच्या पगारापेक्षा कमी होता. त्या वर्षी एका सामन्याचं टीव्ही रेटिंग ०.० नोंदलं गेलं. केबलवाल्यांशी भांडण चालू असल्यामुळे शहरातल्या बऱ्याच घरांत ते चॅनल दिसतच नव्हतं, हे खरं. पण जिथे दिसत होतं, तिथेही लोक बघत नव्हते.

जून २०१४ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने मुखपृष्ठावर जाहीर करून टाकलं की हा संघ २०१७चा विजेता असेल. आणि तो झाला की! त्यानंतर 'आधी हरा, मग जिंका' हा जणू मंत्र झाला. याच पंथातला दुसरा दाखला शिकागो कब्सचा : २०१२ मध्ये १०१ पराभव, २०१६ मध्ये विजेतेपद.

पण ह्यूस्टनचा विजेता संघ जरा उलगडून बघू. होसे अल्टुव्हे, २०१७चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, व्हेनेझुएलात अवघ्या १५ हजार डॉलरला करारबद्ध झालेला आणि २०११ मध्येच संघात आलेला. डॅलस कायकल २००९च्या ड्राफ्टमधला. जॉर्ज स्प्रिंगर २०११च्या ड्राफ्टमधला. तिघेही या थोर योजनेच्या आधीचे. जस्टिन व्हर्लँडर आला ऑगस्ट २०१७च्या शेवटच्या दिवशी, ट्रेडमधून. मग हरण्यातून नेमकं काय मिळालं? तीन वर्षं लागोपाठ ड्राफ्टचा पहिला क्रमांक. २०१२ मध्ये कार्लोस कोरेया, उत्तम निवड. शिवाय त्याला ठरलेल्या रकमेपेक्षा कमीत राजी करून उरलेल्या पैशात लान्स मॅककलर्स मिळवला, ही खरोखर हुशारी. २०१३ मध्ये मार्क अॅपल. तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कब्सनी घेतलेला क्रिस ब्रायंट पुढे सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१४ मध्ये ब्रेडी एकन, ज्याच्याशी करारच होऊ शकला नाही. त्याची भरपाई म्हणून मिळालेल्या क्रमांकावर २०१५ मध्ये अॅलेक्स ब्रेगमन मिळाला. आणि उलट बाजूला, मार्च २०१४ मध्ये याच संघाने जे. डी. मार्टिनेझला सोडून दिलं. तो दुसरीकडे जाऊन मोठा बॅटर झाला.

म्हणजे हरण्याचा वाटा शून्य नाही, पण जितका सांगितला जातो तितका तर मुळीच नाही. आणि एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. २०१७ मध्ये हा संघ कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होता आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला सांगत होता. जानेवारी २०२० मध्ये चौकशीअंती लुनाउ आणि मॅनेजर हिंच यांच्यावर वर्षभराची बंदी आली, संघाला ५० लाख डॉलरचा दंड झाला, आणि दोघांची नोकरीही गेली. फसवणुकीमुळेच जिंकले असं मी म्हणत नाही. पण ज्या कार्यालयात तीन वर्षं 'शेवटी निकाल महत्त्वाचा' हाच धडा दिला गेला, तिथल्या माणसांनी तो मैदानावरही गिरवला, यात नवल ते काय?

आता बॉस्टन, आणि इथे थोडं थांबू. फेनवे पार्क हे त्यांचं जुनं मैदान. मे २००३ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपत होती, असे सलग ८२० सामने. ती साखळी एप्रिल २०१३ मध्ये तुटली. लोक चिडलेले होते. २०११च्या सप्टेंबरमध्ये हातातोंडाशी आलेला घास गेला होता. सामना चालू असताना पिचर ड्रेसिंग रूममध्ये तळलेलं चिकन आणि बिअर घेत बसतात, अशा बातम्या छापून आल्या होत्या. नवा मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन वर्षभरात गेला होता.

जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी पहिलं काम केलं ते मोसम संपण्याआधीच. ऑगस्ट २०१२ मध्ये अॅड्रियन गॉन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जोश बेकेट लॉस एंजेलिस डॉजर्सना दिले आणि पुढच्या वर्षांचं २५ कोटी डॉलरहून अधिकचं ओझं उतरवलं. एकट्या क्रॉफर्डचा करार सात वर्षांचा, १४ कोटी २० लाखांचा होता. पैसा मोकळा झाला. आता मोह काय होतो? बाजारातला सर्वांत मोठा खेळाडू उचलण्याचा. त्यांनी तसं केलं नाही. शेन व्हिक्टोरिनो तीन वर्षं, ३ कोटी ९० लाख. जॉनी गोम्स दोन वर्षं, १ कोटी. राखीव कॅचर डेव्हिड रॉस दोन वर्षं, ६२ लाख. स्टीवन ड्रू एक वर्ष, ९५ लाख. माइक नापोलीशी आधी तीन वर्षांचं ठरलं होतं, पण तपासणीत खुब्याच्या हाडाचा आजार निघाला. तेव्हा तो करार एका वर्षाचा आणि ५० लाखांचा केला, बाकी पैसे खेळशील तसे. आणि ३७ वर्षांचा जपानी पिचर कोजी उएहारा, एक वर्ष, ४२ लाख ५० हजार.

त्या वेळी याची थट्टा झाली. मधल्या फळीतल्या खेळाडूंना जास्त पैसे दिले, असं लिहिलं गेलं. पण निदान बघा. २०१२ मध्ये डेव्हिड ऑर्टिझ ९० सामने खेळला, जेकोबी एल्सबरी ७४, आणि जॉन लॅकी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे एकही नाही. जॉन लेस्टरसारखा पिचर ९-१४ वर घसरला होता. म्हणजे संघात गुणवत्ता नव्हती असं नाही. काही आजारी होती, काही बिघडली होती. अशा घराचा पाया खणायचा नसतो, गळकं छप्पर नीट करायचं असतं. नवा मॅनेजर म्हणून जॉन फॅरेल आणला, जो २००७ ते २०१० याच संघाचा पिचिंग कोच होता. लेस्टर त्याच्या हाताखालचा. पुढच्या वर्षी लेस्टर १५-८. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाढीला लागलेली पोरं कुणाला दिली नाहीत. त्यांतला झँडर बोगार्ट्स एकविसाव्या वर्षी त्याच वर्षीची वर्ल्ड सिरीज खेळला.

२०१३ मध्ये ९७ विजय. ऑक्टोबरमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सना ४-२ ने हरवून विजेतेपद, आणि फेनवेच्या मैदानावर विजेतेपद निश्चित होण्याची १९१८ नंतरची ती पहिली वेळ. एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. त्या शहरासाठी हा विजय नुसता खेळाचा राहिला नाही.

आता माझी टीका बॉस्टनच्या कहाणीवरही आहे. नंतर सांगितलं गेलं की चेरिंग्टन यांनी 'स्वभावाने चांगली' माणसं निवडली, सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या, एकी झाली आणि संघ जिंकला. गोड गोष्ट आहे. पण शेवटच्या डावात सामना राखणारा पिचर, ज्याला क्लोजर म्हणतात, त्या जागेसाठी बॉस्टनची योजना काय होती? ट्रेड करून आणलेला जोएल हॅनरहन. तो नऊ सामन्यांत जायबंदी झाला. मग अँड्र्यू बेली, तोही जायबंदी. मग नाइलाजाने उएहारा. त्याने त्या मोसमात ७४ इनिंगहून अधिक पिचिंग करून १०१ बॅटर बाद केले आणि फक्त नऊ जणांना चार चेंडूंवर फुकट बेस दिला. थक्क करणारा आकडा. पण ही निवड योजनेची नव्हती, योजना मोडल्याची होती. आणि दाढीवाल्या एकीचं म्हणाल, तर २०१४ मध्ये बरीचशी तीच माणसं होती. निकाल ७१ विजय, ९१ पराभव, गटात शेवटचे. एकी हिवाळ्यात संपली का?

मग बॉस्टनला श्रेय कशाचं? चुका स्वस्त ठेवल्याचं. हॅनरहन फसला, रायन डेम्पस्टर मध्यम ठरला, तरी त्यांतला कुठलाही करार संघाला पाच वर्षं बांधून ठेवणारा नव्हता. एकाऐवजी सात-आठ मध्यम पैजा लावल्या. त्यांतल्या तीन-चार लागल्या की काम होतं. नशीब विकत घेता येत नाही, पण त्याला यायला दारं जास्त ठेवता येतात. अर्थात हे सांगताना हेही सांगायला हवं की बॉस्टन गरीब नव्हतं. खर्च कमी केल्यावरही ते सर्वाधिक पगार देणाऱ्या संघांतच होते. क्लीव्हलंड किंवा पिट्सबर्गला ही वाट जशीच्या तशी जमणार नाही.

अशा कहाण्या कशा घडतात याचा मोठा नमुना म्हणजे 'मनीबॉल'. मायकेल लुइस यांचं २००३चं पुस्तक आणि २०११चा चित्रपट. ओकलंडने २००२ मध्ये दुर्लक्षित खेळाडू हेरून १०३ सामने जिंकले, ही त्यातली मध्यवर्ती गोष्ट, आणि ती खोटी नाही. पण त्याच संघात बॅरी झिटो, टिम हडसन, मार्क मल्डर हे तीन तगडे पिचर होते आणि मिगेल तेहादा होता. त्या वर्षीचा साय यंग झिटोला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान तेहादाला मिळाला. चित्रपट पाहून उठणाऱ्याला हे कळतही नाही. गोष्टीला नवी युक्ती लागते. आधीपासून असलेली चांगली माणसं गोष्टीत बसत नाहीत. आणि मग प्रत्येक हरलेला संघ युक्ती शोधत फिरतो.

याची किंमत कुणी मोजली, ते शिकागो व्हाइट सॉक्सकडे बघून कळेल. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी क्रिस सेल हा आपला सर्वोत्तम पिचर बॉस्टनला दिला आणि बदल्यात नामांकित तरुण घेतले. शास्त्रशुद्ध फेरबांधणी, असं कौतुक झालं. २०१८ मध्ये सेल बॉस्टनबरोबर विजेता. शिकागो २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गटविजेते झाले, पण पहिल्याच फेरीत बाहेर. २०२४ मध्ये १२१ पराभव, आधुनिक काळातला विक्रम. आठ वर्षांत एक फेरबांधणी पूर्ण होऊन कोसळली, आणि त्या संघाने पुन्हा आपला सर्वोत्तम पिचर, गॅरेट क्रोशे, पुन्हा बॉस्टनलाच दिला! बारा वर्षांच्या मुलाने २०१६ मध्ये संयम ठेवायला सुरुवात केली असेल तर तो आता विशीत आहे, आणि त्याला पुन्हा संयम ठेवायला सांगत आहेत.

लीगला हे उशिरा का होईना कळलं. २०२२च्या करारापासून ड्राफ्टच्या पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत काढतात. सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची समान, १६.५ टक्के संधी असते. लागोपाठ सोडतीत येण्यावरही बंधनं आहेत. त्यामुळेच १२१ सामने हरूनही शिकागोला २०२५च्या ड्राफ्टमध्ये दहावा क्रमांक मिळाला. हरण्याचा मोबदला कमी झाला, पण स्वस्त संघ चालवण्याचा फायदा अजून तसाच आहे.

तर हरलेल्या संघाचा हिवाळा तपासताना मी चार प्रश्न विचारतो. संघ का हरला याचं निदान झालं आहे का, की नुसतीच घाई आहे? चूक झाली तर ती किती वर्षं फेडावी लागेल? आज जिंकण्यासाठी उद्याचं काय दिलं? आणि चौथा, जो सहसा विचारला जात नाही : पुढच्या एप्रिलमध्ये तिकीट काढून येणाऱ्या माणसाला बघण्यासारखं काही ठेवलं आहे का? पहिल्या तिन्ही कसोट्यांवर उतरून चौथ्यात नापास होणाऱ्या संघाला मी हुशार म्हणेन, चांगला म्हणणार नाही. सामना आज असतो. तो बघणारा माणूसही आजच असतो.

[व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून]

प्रश्न : सर, आयपीएलच्या संघांना यातलं काही लागू पडतं का?

उत्तर : हरण्याची युक्ती मुळीच लागू नाही. तिथे ड्राफ्ट नाही, शेवटच्या क्रमांकाला बक्षीस नाही, आणि दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव पाटी बऱ्यापैकी पुसून टाकतो. पण निदानाचा मुद्दा लागू आहे. मुंबई इंडियन्स २०२४ मध्ये तळाला होते. लोक म्हणत होते, सगळं बदला. त्यांनी बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा हे पाचही जण राखले आणि भोवतालचा संघ बदलला. २०२५ मध्ये ते दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेले. तळाला गेलेल्या संघातला प्रत्येक खेळाडू तळाचा नसतो, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ.

प्रश्न : मग छोट्या, कमी पैशाच्या संघाने करायचं काय?

उत्तर : पोरं वाढवणारी माणसं नेमायची. कोच, प्रशिक्षक, शोध घेणारे स्काउट. एका मध्यम खेळाडूच्या वर्षाच्या पगारात असे कितीतरी लोक येतात. त्यांच्यावर पुस्तक निघत नाही की चित्रपट निघत नाही, पण अल्टुव्हेला १५ हजारात ओळखणारा माणूस त्यांच्यातलाच असतो. थांबतो.